३२ हजारांचं कार्ड, भर पावसात, चिपळूणहून बंगळुरूला: कसं पाठवू?

वाशिष्ठीकाठी

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, कारण दोन रात्री झोप नाही.

पोकेमॉन या कार्डांच्या खेळाच्या १९९९ च्या इंग्रजी बेस सेटमधलं, म्हणजे पहिल्या संचातलं, चॅरिझार्ड नावाचं कार्ड, क्रमांक ४/१०२, माझ्याकडे होतं आणि ते मी विकलंय. २००० साली मामा न्यू जर्सीहून आला तेव्हा त्याने आणलेल्या दोन पाकिटांपैकी एकात ते निघालं. तेव्हा चिपळुणात पोकेमॉन कुणाच्या गावीही नव्हतं. कार्टून नेटवर्कवर ते २००३ मध्ये आलं. शाळेत दाखवलं तेव्हा मुलं म्हणाली, डायनासोर आहे का? त्यानंतर अल्बम माळ्यावर गेला. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. पुस्तकं गेली, लग्नाचे फोटो गेले, बाबांची बाजाची पेटी गेली. माळ्यावरचा अल्बम तेवढा राहिला.

आता धाकट्या बहिणीच्या प्रवेशाची फी भरायची आहे, म्हणून विकलं. संग्राहकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बंगळुरूचे गृहस्थ भेटले. ३२ हजार ठरले, निम्मे आगाऊ आलेसुद्धा. माणूस चांगला वाटतो.

प्रश्न दोन. एक, या पावसात कार्ड न वाकता, न भिजता तिथे पोचेल असं कसं बांधू? दोन, वाटेत हरवलंच तर ते कुणाचं हरवलं, माझं की त्यांचं? पुरातून वाचलेली वस्तू टपालात घालवली तर मी स्वतःला माफ करणार नाही.

पुठ्ठाप्रेमी

अभिनंदन आणि धीर धरा. मी पुण्यातून आठवड्याला दहा-बारा कार्डं पाठवतो. बांधणीचं सविस्तर लिहितो.

आधी हात धुवून कोरडे करा. कार्ड मऊ स्लीव्हमध्ये (कार्डाच्या मापाची पातळ प्लास्टिकची पिशवी), मग स्लीव्हसकट टॉपलोडरमध्ये (कडक प्लास्टिकचं पाकीट). बिनस्लीव्हचं कार्ड टॉपलोडरमध्ये सरकवलं तर चकाकणाऱ्या भागावर बारीक ओरखडे येतात आणि ते नंतर कशानेही जात नाहीत. टॉपलोडरचं तोंड उघडं असतं, प्रवासात कार्ड तिथून सरकून कोपरा बाहेर डोकावतो. म्हणून तोंडावर मास्किंग टेपची पट्टी आडवी लावा आणि पट्टीचं एक टोक दुमडून शेंडी ठेवा, म्हणजे घेणाऱ्याला नखाने खरवडावं लागणार नाही. सेलोटेप किंवा खाकी टेप इथे अजिबात नको. उन्हात त्याचा गोंद पाघळतो आणि टेप सोडवताना झटका बसून कार्ड बाहेर उडतं.

मग ते सगळं छोट्या प्लास्टिक पिशवीत. मग नालीदार पुठ्ठ्याचे दोन तुकडे, टॉपलोडरपेक्षा चहूबाजूंनी बोटभर मोठे. एका तुकड्यातल्या नाल्या उभ्या, दुसऱ्यातल्या आडव्या. दोन्ही उभ्या ठेवल्या तर पुठ्ठा नालीच्या रेषेत सहज दुमडतो आणि आतलं कार्डही त्याच रेषेत दुमडतं. पुठ्ठ्याच्या कडा टेपने बंद करा, पण टेप टॉपलोडरला लागू देऊ नका. वर बबल रॅपचे दोन वेढे, आणि हे सगळं खोक्यात. ३२ हजारांचं कार्ड पाकिटात घालू नका, कापडी अस्तराच्या पाकिटातही नाही.

बांधून झाल्यावर खोका कानाशी धरून हलवा. आवाज आला तर परत उघडा.

कल्याणलोकल

मी म्हणतो स्वतःच घेऊन जा. चिपळूणहून कोकण रेल्वेने कारवार, तिथून बंगळुरूची रात्रीची गाडी. जाताना कारवारला मासे खा, येताना मडगावला.

वाशिष्ठीकाठी

@कल्याणलोकल, खरं सांगतो, तिकिटं बघून झाली आहेत. पण दोन दिवसांची रजा मिळत नाही.

@पुठ्ठाप्रेमी, मनापासून आभार. टॉपलोडर इथे मिळत नाहीत, मागवावे लागतील. तोपर्यंत थांबतो.

स्लॅबवाला

किंमत ठरवण्याआधी एक गोष्ट तपासलीत का? चित्राच्या चौकटीच्या उजव्या कडेला सावली आहे का? नसेल तर ते शॅडोलेस, म्हणजे आधीच्या छपाईचं, दुर्मीळ, आणि मग ३२ हजार फारच कमी आहेत. डाव्या बाजूला चित्राच्या खाली पहिल्या आवृत्तीचा शिक्का असेल तर आजच व्यवहार थांबवा. विमा किती रकमेचा करायचा तेही यावरच ठरतं, म्हणून विचारतोय.

वाशिष्ठीकाठी

सावली आहे, शिक्का नाही. म्हणजे अनलिमिटेड, नंतरच्या छपाईचं नेहमीचं. मागे वरच्या कडेला पांढरे ठिपकेही आहेत. घेणाऱ्यांना सगळे फोटो दाखवले होते.

स्लॅबवाला

मग भाव योग्य आहे. ते फोटो जपून ठेवा. चारही कोपरे, चारही कडा, आणि दिवा तिरपा धरून काढलेले पुढचे-मागचे फोटो. सरळ उजेडात ओरखडे दिसत नाहीत. उद्या कुणी म्हणालं की हा ओरखडा वाटेत पडला, किंवा कार्डच बदललं, तर तुमच्याकडे उत्तर हवं. प्रत्येक जुन्या कार्डाच्या कडांवरचे पांढरे ठिपके वेगळे असतात, ती त्याची ओळखच असते.

मडगावची_मीना

सगळे वाकण्याबद्दल बोलताय, दमटपणाचं काय? आम्ही गोव्यात हे दरवर्षी भोगतो. चकाकणाऱ्या कार्डात कागदाला धातूचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. पावसाळ्यात कागद ओलावा पिऊन फुगतो, पापुद्रा आहे तेवढाच राहतो, आणि कार्ड पुढच्या बाजूला होडीसारखं वळतं. तुम्ही जुलैत दमट खोलीत बसून कार्ड हवाबंद पिशवीत घातलंत तर आतली दमट हवाही कार्डाबरोबर बंगळुरूला जाईल. बाहेरचं पाणी अडवलं, पण आतलं कोंडलं.

म्हणून आधी कार्ड स्लीव्हमध्ये घालून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर एक-दोन दिवस ठेवा. पुड्या कार्डाला टेकू देऊ नका. पॅकिंगही पाऊस थांबलेल्या दुपारी किंवा एसीच्या खोलीत करा.

नवखा९८

तांदळात ठेवलं तर? मोबाइल भिजल्यावर ठेवतात तसं.

मडगावची_मीना

नको रे बाबा. तांदळाचा कोंडा आणि पीठ स्लीव्हमध्ये शिरतं, आणि पावसाळ्यात तांदूळ स्वतःच दमट असतो. त्यात टोके झाले तर आणखी छान. सिलिका जेलच्या पुड्या नवीन बुटांच्या खोक्यात असतात, त्या गोळा करून ठेवत जा.

पुठ्ठाप्रेमी

मीनाताईंचं पटलं, पण दोन दिवस सिलिकात ठेवणं मला जास्त वाटतं. फार कोरडं झालं तर कार्ड उलटं, मागच्या बाजूला वळतं. मी एक रात्र ठेवतो. आणि खोक्यात पुडी ठेवायची असेल तर पुठ्ठ्याच्या बाहेर. पुठ्ठ्याच्या आत ठेवलेल्या पुडीचा फुगवटा कार्डावर दाबून बसतो, हे मी एकदा पाहिलंय.

मडगावची_मीना

पुण्यात एक रात्र पुरते, दादा. चिपळुणात आणि मडगावात दोन लागतात.

टपालकाका

मी ३४ वर्षं रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टिंगला होतो. चालत्या गाडीत उभं राहून पत्रं लावलेली आहेत. तुमचा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

लोक म्हणतात, टपालात पार्सल फेकतात. घाईत फेकाफेक होते, नाकारत नाही. पण खरं नुकसान ओझ्याने होतं. तुमचं पाकीट बॅगेच्या तळाशी गेलं, वर पुस्तकं आली, आणि त्या बॅगेवर आणखी चार बॅगा. म्हणून चपटं, लवचीक पाकीट वाईट आणि लहान, कडक खोका चांगला. पण तो फार लहानही नसावा. आगपेटीएवढी वस्तू बॅगेच्या घडीत अडकून राहते. निदान पत्त्याचं लेबल सपाट बसेल एवढा तरी खोका हवा.

दुसरं कुणी सांगितलं नाही ते सांगतो: तारखेचा ठसा. बुकिंगला बारकोड आला तरी काही ठिकाणी सवयीने ठसा मारतात, आणि आमच्या हातात तो ठसा म्हणजे हातोडाच असतो. खिडकीवर नम्रपणे सांगा, साहेब, आत कडक वस्तू आहे, ठसा कडेला मारा. कुणीही ऐकेल.

बाहेर 'पोकेमॉन' किंवा 'मौल्यवान' लिहू नका. 'नाजूक' लिहिलं तरी सॉर्टर पिनकोड बघतो, बाकी काही बघायला त्याला वेळ नसतो. 'आत फोटो, दुमडू नये' याचा थोडा उपयोग होतो, कारण पत्रपेटीत कोंबताना पोस्टमनला ते दिसतं. पत्ता खोक्याच्या आतही एका चिठ्ठीवर ठेवा. पावसात लेबल सुटलं तर बेवारस पार्सल उघडून पत्ता शोधतात. लेबलवर पारदर्शक टेप लावा, पण बारकोडवर सुरकुती येऊ देऊ नका.

आणि विमा उतरवा. काही जण म्हणतात, विमा उतरवला की आत किमती वस्तू आहे हे कळतं आणि ती चोरीला जाते. माझा अनुभव बरोबर उलटा आहे. साधी वस्तू बॅगेतून बॅगेत जाते. विम्याची वस्तू यादीवर चढते आणि हातातून हातात सहीने जाते. कुणाच्या सहीनंतर ती दिसली नाही हे शोधता येतं, म्हणून तिला कुणी हात लावत नाही. आमच्या काळी अशा पार्सलाला शिवणीवर लाखेचे शिक्के असायचे आणि ते मोजून घ्यायचो.

वाशिष्ठीकाठी

काका, डोळ्यांत पाणी आलं. ठशाचं तर कुणालाच सुचलं नसतं.

जर्सीतला_पुणेकर

काकांच्या लाखेच्या शिक्क्यावरून आठवलं. इथे अमेरिकेत रजिस्टर्ड मेलला अजून तसंच आहे. चकचकीत प्लास्टिकची टेप चालत नाही, कागदी टेप लागते, कारण प्रत्येक सांध्यावर शाईचा ठसा मारायचा असतो. विमा ५० हजार डॉलरपर्यंत मिळतो. फार सावकाश जातं, पण महागडी कार्डं विकणारे बरेच जण अजून तेच वापरतात.

होप हिरा, जो मुळात आपल्या गोवळकोंड्याकडच्या कोल्लूरच्या खाणीतला मानतात, तो १९५८ मध्ये न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनला याच रजिस्टर्ड मेलने गेला. साध्या खाकी कागदात गुंडाळून. टपालखर्च २ डॉलर ४४ सेंट आणि १० लाख डॉलरच्या विम्यासकट एकूण १४५ डॉलर २९ सेंट. ते पाकीट अजून जपून ठेवलंय.

स्वस्त कार्डांसाठी इथे ईबेची साधी पाकीट-सेवा आहे, २० डॉलरपर्यंतच्या कार्डांना. त्यावरच्या किमतीला ट्रॅकिंगवालं पार्सल. ७५० डॉलरच्या वर घेणाऱ्याची सही घेतली नसेल तर 'मिळालंच नाही' या तक्रारीत विक्रेता हरतो.

नवखा९८

जर्सीदादा, भारतातून तिकडे पाठवता येतं का आता? एक जण विचारतोय.

जर्सीतला_पुणेकर

येतं, पण हिशोब बदललाय. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी इथे २९ ऑगस्ट २०२५ ला बंद झाली. त्या धांदलीत भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं होतं, १५ ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू केलं. जकातीच्या फॉर्मवर खरी किंमत लिही. घेणारा 'गिफ्ट लिहा, कमी किंमत टाका' म्हणाला तर नाही म्हण. ते खोटं तर आहेच, शिवाय हरवलं तर भरपाई त्या खोट्या किमतीएवढीच मिळते.

खटलेवाली

मूळ धाग्यातल्या दुसऱ्या प्रश्नाला अजून कुणी हात घातलेला नाही. हरवलं तर कुणाचं?

ऐकून धक्का बसेल, पण आपला १९३० चा मालविक्री कायदा विक्रेत्याच्या बाजूने बऱ्यापैकी झुकतो. कलम ३९ प्रमाणे, करारानुसार माल पाठवायचा असेल तर तो वाहतूकदाराच्या हाती दिला की प्रथमदर्शनी खरेदीदारालाच दिला असं मानतात. कलम २६ प्रमाणे मालकी ज्याच्याकडे गेली, जोखीमही त्याचीच, वेगळं ठरलं नसेल तर. म्हणजे दोघांमध्ये काहीच ठरलेलं नसेल तर बंगळुरूच्या गृहस्थांचं कार्ड हरवलं असं म्हणायला तुम्हाला जागा आहे.

पण त्याच कलम ३९ मध्ये पुढे म्हटलंय की विक्रेत्याने वाहतूकदाराशी वस्तूला साजेसा, वाजवी करार करायला हवा. ३२ हजारांचं कार्ड विना-विमा साध्या पाकिटात टाकलं तर तो वाजवी करार झाला असं कुठलं न्यायालय म्हणेल? आणि तो वाजवी नसेल तर खरेदीदार म्हणू शकतो, मला माल मिळालाच नाही.

आता वाहतूकदाराकडून काय मिळतं ते. स्पीड पोस्टने विना-विमा पाठवलेली वस्तू हरवली तर टपालशुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यातली कमी रक्कम. १८९८ चा जुना डाकघर कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला, तरी तत्त्व तेच आहे: नियमांत स्वतः स्वीकारलेली जबाबदारी सोडून डाकघर जबाबदार नाही. खासगी कुरियरची पावती उलटी करून वाचा. मागच्या बारीक अक्षरांत भरपाईची मर्यादा छापलेली असते, आणि सही केलीत की ती तुम्हाला बांधते. भारती निटिंग कंपनीच्या १९९६ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच मान्य केलं. पावतीवर १०० डॉलरची मर्यादा होती, मोठ्या नुकसानीचा दावा होता, मिळाले १०० डॉलर. म्हणून 'ओनर्स रिस्क' (जोखीम मालकाची) की 'कॅरियर्स रिस्क' (जोखीम कुरियरची) हे बुकिंगच्या वेळीच विचारा.

पुठ्ठाप्रेमी

खटलेवाली ताई, कायदा काहीही म्हणो, आमच्या ग्रुपवर पाकीट पोचेपर्यंत जबाबदारी विक्रेत्याचीच धरतात. 'मी पोस्टात टाकलं, आता तुझं नशीब' म्हणणाऱ्याकडून पुन्हा कुणी घेत नाही. बांधणी मी करतो, वाहक मी निवडतो, मग जोखीम त्याच्या गळ्यात का?

खटलेवाली

मला ते पूर्ण पटतं. म्हणूनच 'वेगळं ठरलं नसेल तर' या शब्दांचा फायदा घ्या आणि वेगळं ठरवा. पैसे घेण्याआधी चॅटमध्ये चार ओळी लिहून समोरच्याकडून 'मान्य' घ्या: कशाने पाठवणार, विमा कितीचा, त्याचा खर्च कोण देणार, हरवलं तर पैसे कोण आणि किती दिवसांत परत करणार. स्टॅम्प पेपर लागत नाही. भांडण झालंच तर या चार ओळी कामी येतात.

कल्याणलोकल

आमच्या लग्नाच्या याद्या याहून लहान होत्या. पण बरोबर आहे, त्याही आधीच लिहिल्या होत्या म्हणूनच भांडण झालं नाही.

सोलापुरी_स्लीव्ह

माझ्यावर बेतलेलं सांगतो. दोन वर्षांपूर्वी ९ हजारांचं कार्ड पाठवलं. घेणाऱ्याने फोन केला, 'खोका आला, आत नुसता पुठ्ठा.' माझे हातपाय गळाले. त्याच्याकडे उघडतानाचा व्हिडिओ नव्हता, माझ्याकडे बांधतानाचा नव्हता. मला वाचवलं बुकिंगच्या पावतीने. तिच्यावर वजन छापलेलं असतं. त्याने पाठवलेल्या फोटोतला खोका, पुठ्ठा, बबल रॅप सगळं मोजलं आणि एक कार्ड-टॉपलोडर धरलं तर पावतीवरचा आकडा बरोबर जुळत होता. म्हणजे माझ्याकडून कार्ड गेलं होतं, आणि खोक्याच्या टेपलाही कुणी हात लावलेला नव्हता. हे शांतपणे लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी कार्ड 'पुठ्ठ्याच्या दोन थरांमध्ये सापडलं.' तो खोटं बोलत होता की त्याला खरंच दिसलं नव्हतं, हे मला आजही माहीत नाही, आणि मी ते त्याच्यावर लादतही नाही. पण तेव्हापासून आतल्या पुड्यावर लाल पेनने मोठ्ठं लिहितो: 'कार्ड या पुठ्ठ्यांच्या मध्ये आहे, टेप इथून ओढा.' आणि एक सलग व्हिडिओ काढतो. कार्डाच्या दोन्ही बाजू, बांधणी, लेबल, काउंटरवरचं वजन आणि पावती.

आजीची_पेटी

मी संग्राहक नाही, १२ वर्षांच्या मुलाची आई आहे. तो क्रिकेटची कार्डं बदलाबदली करतो आणि आता त्याला टपालाने करायची आहे. आमच्या लहानपणी बिग फन बबलगमची कार्डं होती, मधल्या सुट्टीत हातोहात व्हायची. ३०-४० रुपयांच्या कार्डासाठी एवढं सगळं करायचं का?

टपालकाका

नाही बेटा. स्लीव्ह, दोन पुठ्ठे, कडक पाकीट, संपलं. पण पत्ता त्याच्या हाताने लिहू दे. पिनकोडचे सहा आकडे आणि पाठवणाऱ्याचा पत्ता डाव्या कोपऱ्यात. शाळांमध्ये आता कुणी शिकवत नाही.

स्लॅबवाला

स्लॅब पाठवणाऱ्यांसाठी थोडं, कारण कुणीतरी विचारेलच. ग्रेड केलेलं, म्हणजे कंपनीने तपासून दर्जा दिलेलं कार्ड स्लॅबमध्ये, म्हणजे सीलबंद कडक प्लास्टिकमध्ये असतं म्हणून लोक निर्धास्त राहतात. कार्डाला काही होत नाही हे खरं, पण स्लॅबचा कोपरा तडकतो, पृष्ठभाग घासून धुरकट होतो, आणि घेणारा तेवढ्यावर भाव पाडतो. स्लॅबला वेगळी मऊ पिशवी मिळते ती चढवा, चारही कोपऱ्यांना बबल रॅप, आणि खोकाच. प्रमाणपत्राचा क्रमांक व्हिडिओत वाचून दाखवा. ग्रेडिंगसाठी पाठवताना मात्र उलटं करायचं. तिथे टॉपलोडर नको असतो. अर्धकडक, लवचीक होल्डर घालतात, कारण त्यांना कार्ड न घासता बाहेर काढायचं असतं.

चुंबकाचे जाड डबे असतात ते प्रवासाला कधीच वापरू नका. ते कपाटात छान दिसतात, पण आत कार्ड खुळखुळत असेल तर पोचेपर्यंत कोपरे जातात.

पुठ्ठाप्रेमी

@आजीची_पेटी, मुलाच्या पहिल्या पाकिटासाठी मी स्लीव्ह पाठवतो. निरोप करा.

वाशिष्ठीकाठी

नऊ दिवसांनी लिहितोय, मधे लाइट आणि नेट दोन्ही नव्हतं.

काल पाठवलं. झालं ते असं. टॉपलोडर आले. कार्ड आईच्या लोणच्याच्या रिकाम्या, धुऊन वाळवलेल्या बरणीत दोन रात्री सिलिका जेलबरोबर ठेवलं. आईने तीन वेळा हुंगून पाहिलं, हिंगाचा वास नाही ना म्हणून. खटलेवाली ताईंनी सांगितल्याप्रमाणे चार ओळी लिहून पाठवल्या. विम्याचा खर्च निम्मा-निम्मा, पोचेपर्यंत जोखीम माझी, हरवलं तर आगाऊ घेतलेले पैसे १५ दिवसांत परत. त्यांनी 'मान्य' लिहिलं आणि खाली लिहिलं, 'असं आधी कुणी विचारलं नव्हतं.'

स्पीड पोस्ट, विमा ३२ हजारांचा. स्पीड पोस्टवर लाखापर्यंत उतरवता येतो हे काउंटरवर कळलं. किमतीचा पुरावा म्हणून पैसे आल्याचा मेसेज आणि चॅट छापून ठेवलंय. ठसा कडेला मारा म्हटलं तर ताई हसल्या आणि म्हणाल्या, 'काय आहे आत?' सांगितलं. त्यांच्या मुलालाही आवडतं म्हणे. त्यांनी ठसा मारलाच नाही. वजन १९५ ग्रॅम.

पोस्टातून बाहेर आलो आणि पाऊस सुरू झाला. पायरीवर उभा राहून पावती शर्टाच्या आत घातली.

टपालकाका

आता दर तासाला ट्रॅकिंग बघू नका. बॅग बंद झाली की दोन-दोन दिवस एकच ओळ दिसते. घाबरायचं कारण नाही. आणि घेणाऱ्यांना सांगून ठेवा: खोका फाटलेला, भिजलेला दिसला तर सही करण्याआधी 'ओपन डिलिव्हरी' मागायची. म्हणजे टपालाच्या माणसासमोर वजन करून, उघडून, लिहून घ्यायचं. सही करून घरी नेलं की मग वाद घालणं अवघड होतं.

वाशिष्ठीकाठी

पाचव्या दिवशी पोचलं. खोक्याचा एक कोपरा चेपला होता, वरचा कागद ओला होता. पुठ्ठे कोरडे. त्यांनी व्हिडिओ पाठवला. शेंडी धरून टेप ओढली, कार्ड खिडकीशी नेऊन तिरपं धरलं आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, सपाट आहे. उरलेले पैसे दहा मिनिटांत आले. फी भरली.

अल्बममध्ये त्या खणात मामाने तेव्हा लिहिलेली चिठ्ठी होती, ती मी ठेवून घेतली आहे. पुराच्या आधीच्या घरातलं मामाच्या हातचं तेवढंच उरलंय.

मडगावची_मीना

वाचून बरं वाटलं. चिठ्ठीलाही स्लीव्ह घाला हो, आणि बरणीतच ठेवा पाऊस संपेपर्यंत.

नवखा९८

ती बरणी काचेची की प्लास्टिकची? माझ्याकडे दोन कार्डं वळायला लागली आहेत.

वाशिष्ठीकाठी

काचेची, रबराची कड असलेल्या झाकणाची. कार्डं उभी ठेव आणि पुड्या तळाशी, मधे जाड कागदाची गोल चकती काप. वळलेली असतील तर सरळ करायला वर वजन ठेवू नकोस, आधी दोन रात्री नुसतं थांब.